चाकाचा ऑफसेट: आकडा वाचायचा कसा आणि नवं चाक बसेल की नाही ते ठरवायचं कसं

नवी अलॉय व्हील्स घ्यायची ठरली की नवखा माणूस व्यास पाहतो, डिझाइन पाहतो, फार तर नटांची भोकं जुळतात का ते विचारतो. हे सगळं जुळूनही चाक बसवल्यावर टायर आतल्या बाजूला शॉक अब्सॉर्बरला घासतो, नाहीतर गाडी खड्ड्यात दबली की मडगार्डच्या कडेला लागतो. अशा वेळी बहुधा ऑफसेटकडे दुर्लक्ष झालेलं असतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘माझ्या गाडीला कोणता ऑफसेट बसेल?’ या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नाही. तोच ऑफसेट अरुंद रिमवर निर्धोक असतो आणि रुंद रिमवर घासतो. विचारायचं ते हे: नव्या चाकाची आतली कड आणि बाहेरची कड आत्ताच्या चाकापेक्षा किती मिलिमीटर सरकेल, आणि तेवढी जागा गाडीत आहे का? हे काढायला दोन सोप्या आकडेमोडी आणि अर्ध्या तासाची मोजणी पुरते.

आकडा नेमका कशाचा

रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य काढा. चाकाची जी सपाट बाजू हबवर (चाक ज्याला आवळतात त्या गाडीच्या फिरत्या भागावर) टेकते तिला आपण बैठक म्हणू. मध्यापासून बैठकीपर्यंतचं अंतर म्हणजे ऑफसेट, आणि तो मिलिमीटरमध्ये सांगतात. बैठक बरोबर मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. बैठक मध्यापेक्षा बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला असेल तर धन ऑफसेट. गाडीच्या आतल्या बाजूला असेल तर ऋण.

यातून निघणारा नियम पाठच करा: ऑफसेट वाढला की चाक आत जातं, कमी झाला की बाहेर येतं. ४५ च्या जागी ३५ ऑफसेटचं तेवढ्याच रुंदीचं चाक लावलं तर ते १० मिमी बाहेर येईल. दोन्ही बाजूंचं मिळून त्या ॲक्सलवरच्या चाकांमधलं अंतर २० मिमीनं वाढेल. नवखे इथे उलटा अर्थ लावतात. मोठा आकडा म्हणजे जास्त बाहेर, असं त्यांना वाटतं.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक लहान-मध्यम गाड्यांचा मूळ ऑफसेट धन ३५ ते ५० च्या आसपास असतो. चारही चाकांवर चालणाऱ्या मोठ्या (फोर-व्हील-ड्राइव्ह) गाड्यांत तो बराच कमी असू शकतो.

चाकावर हा आकडा आरीच्या (स्पोकच्या) मागच्या बाजूला किंवा बैठकीजवळ कोरलेला असतो. त्याआधी रोमन लिपीत ईटी ही अक्षरं असतात. पूर्ण खूण साधारण अशी वाचावी: ६.५ जे × १६ एच२ ईटी ४५. म्हणजे रिमची रुंदी साडेसहा इंच, व्यास १६ इंच, ऑफसेट धन ४५ मिमी. जे हा रिमच्या काठाच्या आकाराचा प्रकार आहे. एच२ म्हणजे टायरची कड जागेवर धरून ठेवणारे दोन उंचवटे. फिटमेंटच्या हिशेबात या दोन खुणांचा उपयोग नाही.

इंचातली ही रुंदी काठाच्या आतून, टायर जिथे बसतो तिथे मोजलेली असते. काठाची जाडी धरून रिमची एकूण रुंदी साधारण एक इंच जास्त भरते. पट्टी लावून साडेसात इंच भरलं म्हणून रिम साडेसात इंची समजू नका. ते बहुधा साडेसहा इंची असतं.

आकडा पुसला असेल तर

जुन्या किंवा पुन्हा रंगवलेल्या चाकांवर खूण सापडत नाही. विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर विसंबण्यापेक्षा मोजून घ्या. टायर नसलेलं रिम दर्शनी बाजू खाली करून मऊ कापडावर ठेवा. वर आलेल्या मागच्या काठांवर एक सरळ धातूची पट्टी आडवी टाका. त्या पट्टीपासून बैठकीपर्यंतची खोली मोजा. हे झालं बॅकस्पेसिंग. मग एका काठाच्या बाहेरून दुसऱ्या काठाच्या बाहेरपर्यंत रिमची एकूण रुंदी मोजा. बॅकस्पेसिंगमधून एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा केला की ऑफसेट मिळतो.

उदाहरणार्थ, एकूण रुंदी २०३ मिमी आणि बॅकस्पेसिंग १४६ मिमी भरलं. १४६ वजा १०१.५ म्हणजे ४४.५. हे ४५ ऑफसेटचं सात इंची रिम आहे. उत्तर उणे आलं तर ऑफसेट ऋण. रिमवर टायर चढलेला असेल तर पट्टी टायरच्या फुगीर भागावर टेकते आणि खोली जास्त भरते, त्यामुळे टायर असताना केलेली मोजणी धरू नका.

दोन कडांचा हिशेब

बैठकीपासून रिमच्या आतल्या कडेचं अंतर म्हणजे रुंदीचा निम्मा भाग अधिक ऑफसेट. बाहेरच्या कडेचं अंतर म्हणजे रुंदीचा निम्मा भाग वजा ऑफसेट. काठाची जाडी जुन्या आणि नव्या रिममध्ये जवळपास सारखीच असते, त्यामुळे फरक काढताना ती सोडून दिली तरी चालते. इंचाचे मिमी करायला २५.४ नं गुणा.

समजा गाडीला आत्ता साडेसहा इंची, ४५ ऑफसेटचं रिम आणि २०५/५५ आर १६ टायर (रुंदी २०५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिमचा व्यास १६ इंच) आहे. तुम्हाला साडेसात इंची रिमवर २२५/४५ आर १७ हवा आहे. जुनं रिम १६५.१ मिमी रुंद, निम्मे ८२.५५. आतली कड १२७.५५ मिमीवर, बाहेरची ३७.५५ मिमीवर. नवं रिम १९०.५ मिमी, निम्मे ९५.२५. तेही ४५ ऑफसेटचंच घेतलं तर आतली कड १४०.२५ आणि बाहेरची ५०.२५ मिमीवर येते, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमीची वाढ. ‘मूळ ऑफसेट ठेवला की काही होत नाही’ हा समज इथेच खोटा ठरतो. रुंदी वाढली की वाढ दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते, आणि आतल्या बाजूला तेवढी जागा क्वचितच असते.

पण घासतो तो बहुतेक वेळा टायर. तो रिमपेक्षा रुंद असतो आणि दोन्हीकडे फुगलेला असतो, म्हणून हाच हिशेब टायरच्या रुंदीनं पुन्हा करा. टायरवर लिहिलेली रुंदी ठरावीक मोजणी-रिमवरची असते. २०५/५५ आर १६ साठी ते साडेसहा इंची आणि २२५/४५ आर १७ साठी साडेसात इंची, त्यामुळे या उदाहरणात लिहिलेले आकडे तसेच वापरता येतात. रिम अर्ध्या इंचानं रुंद घेतलं तर टायर साधारण ५ मिमीनं रुंद होतो, अरुंद घेतलं तर तितकाच आक्रसतो.

जुना टायर आत १४७.५ मिमीपर्यंत आणि बाहेर ५७.५ मिमीपर्यंत जातो. नवा टायर ४५ ऑफसेटवर दोन्हीकडे १० मिमी वाढतो. ४० ऑफसेटवर आत ५ आणि बाहेर १५ मिमी वाढतो. ३५ ऑफसेटवर आतली वाढ शून्य आणि सगळी २० मिमी बाहेर येते. तीनही पर्याय दुकानात सारखेच दिसतील. गाडीवर मात्र तिन्हींचा निकाल वेगळा लागेल.

उंचीही तपासा. जुन्या टायरचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिमी, नव्याचा सुमारे ६३४ मिमी. हा फरक नगण्य आहे. व्यास एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तर स्पीडोमीटर चुकतोच, शिवाय टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला पुढून-मागून लागायला लागतो, आणि हा दोष ऑफसेट बदलून जात नाही.

गाडीत जागा किती आहे

आता आत्ताच्या चाकावर उरलेली जागा मोजायची. गाडी सपाट जमिनीवर, टायरांत योग्य हवा, स्टेअरिंग सरळ.

१. आतली बाजू. टायरची आतली भिंत आणि शॉक अब्सॉर्बरची नळी किंवा स्प्रिंगची थाळी यांच्यातली सगळ्यात अरुंद फट शोधा. तिथे फूटपट्टी जात नाही. ५, ८, १०, १२ मिमीचे ड्रिल बिट किंवा ॲलन की घ्या आणि जी अडखळत जाते ती तुमची फट. पुढच्या चाकांवर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या दांड्याचं) टोक आणि खालचा आर्म (चाकाला खालून धरणारा सस्पेन्शनचा भाग) यांच्याजवळही हेच करा.

२. बाहेरची बाजू. मडगार्डच्या कडेला आतून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंतचं आडवं अंतर मोजा. मडगार्डची रंगवलेली बाहेरची कड धरू नका. पत्रा आत दुमडलेला असतो, आणि टायरला कापतो तो हा दुमडलेला भाग.

३. पूर्ण वळण. ऑफसेट कमी केला की पुढचं चाक स्टेअरिंगच्या अक्षाभोवती मोठ्या वर्तुळात फिरतं. सरळ चालताना सगळं ठीक असतं, पण पूर्ण वळवल्यावर टायरचा कोपरा बंपरच्या अस्तराला किंवा दाराच्या बाजूच्या पत्र्याला लागतो. तिथलीही फट मोजून लिहून ठेवा. हे ठिकाण सगळ्यांत जास्त विसरलं जातं.

४. मागची चाकं वेगळी मोजा. मागे जागा पुढच्यापेक्षा जास्त किंवा कमी असू शकते. गाडीची डावी-उजवी बाजूही काही मिमीनं वेगळी भरते, म्हणून चारही कोपरे मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा.

आत, न हलणाऱ्या भागापासून किमान ५ मिमी मोकळे ठेवा. वळणावर टायर आडवा दबतो, म्हणून ७-८ मिमी असले तर निर्धास्त राहता येतं. बाहेर, मडगार्डच्या कडेपासून १० मिमी तरी उरू द्या, कारण तिथे टायर वर-खाली जातो. एका कंपनीचा २२५ दुसरीच्या २२५ पेक्षा काही मिमी रुंद असतो आणि रिमचं रक्षण करणारी कड असलेला टायर आणखी बाहेर येतो. ही मोकळी जागा त्यासाठीही आहे.

समजा मोजणीत आत १४ मिमी आणि बाहेर २५ मिमी भरलं. ४५ ऑफसेट घेतला तर आत ४ मिमी उरतात, म्हणजे तो बाद. ३५ घेतला तर आत १४ तसेच राहतात, पण बाहेर ५ च उरतात. चार माणसं बसून गाडी उसळली की तो घासणार. ४० घेतला तर आत ९ आणि बाहेर १०. या गाडीला या टायरसाठी ४० ऑफसेट घ्यायचा. दुसऱ्या गाडीची मोजणी वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येईल, मग कुणी कितीही खात्रीनं आकडा सांगो.

गाडीची उंची कमी केलेली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, तोही मोजणीत येतो. चाकाचा वरचा भाग एक अंशानं आत कलला की ६३० मिमीच्या टायरचा माथा चाकाच्या मध्याच्या तुलनेत सुमारे ५.५ मिमी आत जातो. मडगार्डकडे जागा वाढते, पण शॉक अब्सॉर्बरकडे काय होतं ते कॅम्बर कुठून बदललाय यावर अवलंबून असतं. वरच्या माउंटमधून (शॉक अब्सॉर्बर बॉडीला जोडलेला असतो तिथून) बदलला तर नळी चाकाबरोबरच कलते आणि फट तशीच राहते. खालच्या बोल्टमधून बदलला तर चाक नळीकडे झुकतं आणि फट कमी होते.

ऑफसेट जुळला तरी चाक बसेलच असं नाही

नटांच्या भोकांचं वर्तुळ अचूक जुळलं पाहिजे. ४ × ९८ आणि ४ × १०० (चार भोकं, वर्तुळाचा व्यास ९८ किंवा १०० मिमी) डोळ्याला सारखेच दिसतात आणि नट जबरदस्तीनं आवळताही येतात. मग नट वाकडे बसतात आणि चालता चालता सैल होतात. हे कधीच करू नका.

मधलं भोक हबच्या उंचवट्यावर नीट बसायला हवं. बाजारात मिळणाऱ्या अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे ते अनेक गाड्यांना चालतं. तिथे योग्य मापाची हब रिंग घाला. उदाहरणार्थ, चाकाचं भोक ६७.१ मिमी आणि हब ५४.१ मिमी असेल तर बाहेरून ६७.१ आणि आतून ५४.१ मापाची. रिंग नसली की चाक बरोबर मध्यावर बसत नाही आणि ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं. मग लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात.

ब्रेक कॅलिपर (ब्रेकच्या डिस्कला पकडणारा भाग) आणि आरीमधली जागा ऑफसेटवरून कळत नाही. सारख्याच रुंदीच्या आणि ऑफसेटच्या दोन चाकांत एकाच्या आऱ्या बाहेर फुगलेल्या असतात तर दुसऱ्याच्या सपाट. मोठे ब्रेक असतील तर टायर न चढवता एक रिम हबवर लावून हातानं पूर्ण फेरी फिरवून पाहा. कॅलिपर आणि रिममध्ये किमान ३ मिमी हवेत.

नटाची टेकण्याची बाजू शंकूच्या आकाराची आहे की गोलसर, तेही पाहा. बाजारातल्या अलॉयना बहुतेक ६० अंशांचे शंकू-नट लागतात, पण काही कंपन्यांच्या मूळ चाकांना गोलसर बसणीचे. जुने नट नव्या चाकावर वापरले आणि बसण जुळली नाही, तर नट एका बारीक रेषेवर टेकतो. आवळल्यासारखा वाटतो, पण धरत नाही.

रिमवर भारक्षमता किलोग्रॅममध्ये लिहिलेली असते. ती दुप्पट केल्यावर त्या ॲक्सलच्या कमाल भारापेक्षा कमी भरत असेल तर ते रिम घेऊ नका.

स्पेसरबद्दल

स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची धातूची चकती. ५ मिमीचा स्पेसर म्हणजे ऑफसेट ५ नं कमी. ४५ चं चाक ४० सारखं बसेल. हिशेब सोपा आहे, धोका आट्यांमध्ये आहे. स्पेसर जेवढा जाड तेवढे आटे कमी धरतात. नट किंवा बोल्ट आपल्या व्यासाइतका तरी आत गेला पाहिजे. १२ × १.५ च्या आट्यांना (व्यास १२ मिमी, दर फेऱ्याला १.५ मिमी) किमान ८ पूर्ण फेरे, १२ × १.२५ ला सुमारे १० आणि १४ × १.५ ला साडेनऊच्या आसपास. हातानं फिरवत फेरे मोजा. कमी पडले तर लांब स्टड (हबमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे) किंवा लांब बोल्ट बसवा, नाहीतर स्पेसर काढा. यात तडजोडीला जागा नाही.

पातळ स्पेसर हबच्या उंचवट्याचा बराचसा भाग गिळतो, त्यामुळे ज्याला स्वतःचा उंचवटा आहे असाच स्पेसर घ्या. स्वतःचे वेगळे स्टड असलेले स्पेसर साधारण १५-२० मिमी आणि त्याहून जाड असतात. त्यांच्यातून मूळ स्टडची टोकं बाहेर येत असतील तर चाकाच्या पाठीत तेवढ्या खोबणी हव्यात. नसल्या तर चाक बैठकीवर टेकतच नाही.

बसलं, पण गाडी वेगळी का वाटते

पुढच्या चाकाला वळवणारा एक कललेला अक्ष असतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या) गाडीत तो वरच्या माउंटपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत जातो. हा अक्ष जमिनीला जिथे मिळतो आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य जिथे टेकतो, त्यांतलं आडवं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. कारखान्यात ते फार विचारपूर्वक ठरवलेलं असतं. पुष्कळ गाड्यांत ते मुद्दाम किंचित ऋण असतं, म्हणजे एका बाजूचं चाक ओल्या किंवा निसरड्या जागी असताना ब्रेक मारला तरी गाडी सरळ राहायला मदत होते.

ऑफसेट १० मिमीनं कमी केला की टायरचा मध्य १० मिमी बाहेर जातो आणि हे अंतरही तेवढंच बदलतं. मग स्टेअरिंग वेगळं वाटतं, रस्त्याच्या चरांमागे गाडी ओढली जाते, खड्ड्याचा धक्का हातापर्यंत येतो, आणि एका बाजूला पकड कमी असताना ब्रेक मारला की गाडी तिरकी जाऊ पाहते. सोबत व्हील बेअरिंगवरचा पेच वाढतो, कारण भार बेअरिंगपासून लांबून येतो. बेअरिंग लगेच तुटत नाही, पण लवकर गुणगुणायला लागतं.

म्हणून रोजच्या गाडीला कारखान्याच्या ऑफसेटपासून १० मिमीच्या आत राहावं असा आमचा ठाम सल्ला आहे. चाक मडगार्डच्या अगदी कडेला आणण्याच्या हौसेपायी २०-२५ मिमी बाहेर काढणं दिसायला छान असलं, तरी त्याची किंमत स्टेअरिंग आणि ब्रेक मोजतात. टायर बॉडीच्या बाहेर दिसू नये असा नियमही अनेक ठिकाणी आहे. विकत घेण्याआधी तो आणि विम्याच्या अटी तपासा.

बसवताना आणि नंतर

हबचा गंज तारेच्या ब्रशनं घासून काढा. बैठकीवर गंजाची पापुद्री राहिली तर चाक डुलतं आणि नट सैल होतात. नट आधी हातानं पूर्ण फिरवा, मग एकाआड एक, समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळा. शेवटचा टप्पा चाक जमिनीला टेकवून टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते आकड्यात दाखवणाऱ्या पान्यानं) करा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. वंगण लावलेला नट त्याच आकड्याला कितीतरी जास्त ताणला जातो.

मग चाचणी. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि अस्तराला क्लेच्या पातळ पट्ट्या चिकटवा. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत वजन घेऊन सावकाश गतिरोधक ओलांडा. मग मोकळ्या जागेत दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढे आणि मागे चालवा. रिव्हर्समध्ये टायर कधी कधी वेगळ्याच जागी लागतो. क्लेवर टायरचा ठसा उमटला तर तिथे जागा नाही. ५० ते १०० किमी चालल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा आणि टायरच्या आतल्या भिंतीवर चकाकणारा घासलेला पट्टा दिसतो का ते दिव्यानं पाहा.

स्टेपनी मूळ लोखंडी रिमची असेल तर तिला मूळ नट किंवा बोल्ट लागतात. त्यांचा संच डिकीत ठेवा, आणि अलॉयच्या नटांना वेगळा सॉकेट लागत असेल तर तोही. स्पेसरसाठी लांब बोल्ट घेतले असतील तर ते स्पेसर काढलेल्या हबवर स्टेपनीला वापरू नका. त्यांची टोकं आत ब्रेकच्या भागांपर्यंत पोचतात.